मंगला: वाळू, मेण आणि करार

2002 साली रॉयल डच शेल या बलाढ्य तेलकंपनीने राजस्थानातल्या बारमेरच्या तेलपट्ट्यातला आपला उरलासुरला हिस्सा विकून टाकला. घेणारी होती एडिनबरोची केर्न एनर्जी. किंमत पुढे वर्तमानपत्रांतून पुन्हा पुन्हा छापून आली: सुमारे 40 लाख पौंड. तेलाच्या धंद्यात ही रक्कम म्हणजे किरकोळ खर्चाची बाब. समुद्रातली एखादी खोल विहीर खणायला याच्या कित्येक पट पैसे लागतात. पुढच्या दोन वर्षांच्या आत याच वाळवंटाखाली, भारताच्या भूभागावर त्याआधीच्या दोन दशकांत मिळाला नव्हता एवढा मोठा तेलसाठा सापडला.

ही हकिकत सांगताना शेलची खिल्ली उडवायची पद्धतच पडून गेली आहे. ती जरा सवंग आहे. शेलकडे भूवैज्ञानिकांची वानवा नव्हती, आणि केर्नला पाताळ दिसण्याची काही सिद्धी प्राप्त झालेली नव्हती. खडक दोघांचा तोच होता, फरक होता हिशेबाच्या वहीत. शेलसारख्या कंपनीला रोजच्या लाखो पिंपांचे उत्पादन वर्षानुवर्षे टिकवायचे असते. पाच कोटी पिंपांचा साठा हाती आला तरी तिच्या ताळेबंदात त्याचा मागमूस दिसत नाही. उलट माणसे, रिग आणि वरिष्ठांचा वेळ त्यात अडकून पडतो. छोट्या कंपनीचे तेवढ्या साठ्यावर दहा वर्षे भागते. म्हणून एकाने सोडलेला पट्टा दुसऱ्याने उचलणे, हा जमिनीवरच्या तेलशोधाचा जुना रिवाज आहे. अमेरिकेत टेक्सास-ओक्लाहोमाकडे याच रिवाजावर शंभराहून अधिक वर्षे धंदा चालला आहे. बारमेरमध्ये तो भारताने प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर पाहिला.

आधी खडकाबद्दल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्रात लाव्ह्याचे थरावर थर साचून सह्याद्रीचा काळा कातळ तयार होत होता. त्याच सुमारास पश्चिम भारताचे कवच एका उत्तर-दक्षिण पट्ट्यात ताणले जात होते. ताण असह्य झाला की मधला पट्टा खचतो आणि दोन्ही बाजूंना कडे उभे राहतात. गुजरातेतले खंभातचे खोरे असेच खचले, आणि त्याचीच उत्तरेकडची शाखा म्हणजे बारमेरचे खोरे. लांबी सुमारे दोनशे किलोमीटर, रुंदी चाळीसच्या आसपास. बारमेर जिल्ह्यातच सरनू-दंडाली इथे जे ज्वालामुखीजन्य खडक उघडे पडले आहेत, ते दख्खनच्या महाउद्रेकाची पूर्वपीठिका मानले जातात. म्हणजे आपल्याकडच्या घाटमाथ्याचे आणि बारमेरच्या तेलाचे नाते लांबचे असले, तरी घराणे एकच आहे.

खचलेल्या या दरीत प्रथम नद्यांनी वाळू आणून ओतली. तिचा झालेला वालुकाश्म फतेहगढ या गावाच्या नावाने ओळखला जातो. मग दरी आणखी खचली, पाणी तुंबले आणि मोठमोठी सरोवरे तयार झाली. सरोवरांच्या तळाशी, जिथे प्राणवायू पोचत नव्हता तिथे, शेवाळ आणि गाळ लाखो वर्षे साचत राहिला. त्यातून 'बारमेर हिल' नावाचा गडद, सेंद्रिय द्रव्याने भरलेला पंकाश्म घडला. वरून आणखी थर चढत गेले, तसा हा पंकाश्म खोल जाऊन तापला आणि त्यातल्या शेवाळाचे तेल झाले. तेल पाण्याहून हलके. वाट सापडेल तिथे ते वर सरकते, सच्छिद्र वाळूत शिरते आणि पुढे सरकायला जागा उरली नाही की थांबते. बारमेरमध्ये कवचाचे तुकडे तिरके कलंडलेले आहेत. कलंडलेल्या ठोकळ्याच्या उंच कडेला वाळू, तिच्यावर चिखलाच्या खडकाचे घट्ट झाकण, बाजूला भेग. तेलाने तिथे मुक्काम केला तो माणसाने छिद्र पाडेपर्यंत.

हे आज सोपे वाटते. 1995 पूर्वी मात्र बारमेरचे खोरे तेलाच्या नकाशावर जवळपास कोरे होते. राजस्थानात शोध चालू नव्हता असे नाही. ओएनजीसीला साठच्या दशकात जैसलमेरकडे मनहेरा टिब्बा इथे वायू मिळाला होता. ऑइल इंडियाला 1991 मध्ये बाघेवाला इथे डांबरासारखे जड तेल लागले होते. पण ही ठिकाणे वेगळ्या, कितीतरी जुन्या खोऱ्यांतली. शिवाय 1974 साली मुंबई हायने सरकारी तेलकंपनीचे लक्ष आणि पैसा दोन्ही समुद्राकडे ओढून नेले होते. अरबी समुद्रात तेल वाहत असताना थारच्या वाळूत रिग नेऊन उभी करण्याची हौस कोणाला असणार?

नव्वदच्या दशकात सरकारचा खजिना रिकामा होता आणि तेलाच्या आयातीचा बोजा वाढत होता. परदेशी कंपन्यांनी यावे म्हणून सरकारने शोधाचे पट्टे देऊ केले. त्यांतला एक आरजे-ओएन-90/1. 15 मे 1995 रोजी भारत सरकार, ओएनजीसी आणि शेल यांच्यात त्याचा उत्पादन-वाटप करार झाला. क्षेत्र 11,108 चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या रायगड जिल्ह्याच्या दीडपट. करारात कंपनीला भुलवण्यासाठी एक गोड तरतूद होती. पट्ट्याचा मूळ परवाना ओएनजीसीच्या नावावर राहणार. तेल लागलेच तर ओएनजीसीला 30 टक्के हिस्सा घेता येणार. पण राज्याला द्यायचे स्वामित्वशुल्क, म्हणजे रॉयल्टी, ही परवानाधारक म्हणून ओएनजीसीने सगळ्याच्या सगळ्या तेलावर भरायची. तेव्हा तेल होते कुठे? ज्या तेलाचा पत्ता नाही त्याची रॉयल्टी कोण भरणार यावर कोणी डोकेफोड केली नाही. सोळा वर्षांनी याच कलमाने देशाच्या मंत्रिमंडळाला घाम फोडला.

केर्न पट्ट्यात आली ती शेलची भागीदार म्हणून, 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात. तिचे प्रमुख बिल गॅमेल हे स्कॉटलंडकडून आंतरराष्ट्रीय रग्बी खेळलेले गृहस्थ. त्यांच्या वडिलांनी थोरल्या जॉर्ज बुश यांच्या तेलधंद्यात पैसे घातले होते, त्यामुळे धाकट्या बुशशी त्यांची लहानपणापासून ओळख. आणि शाळेत टोनी ब्लेअर बरोबरीला. इतक्या वरच्या ओळखी असलेल्या माणसाने व्हाइट हाउस आणि डाउनिंग स्ट्रीटपासून दूर बारमेरच्या धुळीत नशीब काढावे, हा एक गमतीचा योगायोग. त्यांची सुरुवात मात्र साधी होती. स्कॉटिश गुंतवणूकदारांचे पैसे अमेरिकेतल्या जमिनीवरच्या तेलविहिरींत घालून देणे, हा त्यांचा पहिला उद्योग. 1988 मध्ये केर्नची लंडनच्या शेअर बाजारात नोंदणी झाली. 1996 मध्ये तिने ऑस्ट्रेलियाची कमांड पेट्रोलियम विकत घेतली आणि तिच्याबरोबर आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या रव्वा तेलक्षेत्रातला हिस्सा हाती आला. त्याच वर्षी बांगलादेशच्या समुद्रात सांगू वायुक्षेत्र सापडले.

रव्वाचे महत्त्व इथे नीट लक्षात घ्यायला हवे. शोध घेणाऱ्या छोट्या कंपनीचे खरे भांडवल असते ते पुढच्या विहिरीपर्यंत तग धरण्याची ताकद. नव्या प्रदेशात खणलेल्या दहा विहिरींपैकी आठ-नऊ कोरड्या निघणे या धंद्यात नित्याचे आहे. जमिनीवरची विहीर काही दशलक्ष डॉलरमध्ये होते आणि खोल समुद्रातली शंभर दशलक्षांच्या घरात जाते. म्हणून छोट्यांचा ओढा जमिनीकडे. पण स्वस्त विहिरीही सलग पाच कोरड्या गेल्या तर भागधारकांचा धीर सुटतो, समभाग कोसळतो, नवे भांडवल मिळेनासे होते आणि सहाव्या विहिरीत तेल असले तरी ती खणायला कंपनीच उरत नाही. छोट्या कंपन्यांचे बरेच मृत्यू असे होतात. केर्नला रव्वाचा नियमित पैसा होता. बारमेरच्या कोरड्या विहिरींचे बिल आंध्रच्या तेलाने भरले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

भारतातही खासगी तेलशोधाचा प्रयत्न याआधी झाला होता. एचडीएफसीचे संस्थापक ह. ठा. पारेख यांनी 1983 मध्ये हिंदुस्थान ऑइल एक्सप्लोरेशन कंपनी काढली होती. मध्यमवर्गाला घरकर्ज देण्याची कल्पना त्यांची सर्वत्र रुजली. तेलशोधाच्या कंपनीला मात्र दशकानुदशके छोटीच राहावे लागले. नुसत्या दूरदृष्टीवर हा धंदा चालत नाही.

बारमेरमध्ये 1999 साली गुडा इथल्या विहिरीत तेल लागले, पण बेताचेच. 2001 मध्ये सरस्वती, 2003 मध्ये रागेश्वरी. कंपनीने क्षेत्रांना देवी-देवतांची आणि मांगल्याची नावे ठेवायला घेतली होती. देवी प्रसन्न होत होत्या, पण हात राखून. रागेश्वरीत तर वायू निघाला तो चक्क ज्वालामुखीजन्य खडकांतून, जिथे तेल-वायू शोधायला सहसा कोणी जात नाही. एव्हाना शेल बाहेर पडली होती. केर्नचे शोधकार्य माइक वॉट्स या भूवैज्ञानिकाकडे होते. शोध दक्षिण आणि मध्य भागातून उत्तरेकडे सरकला. कराराची घड्याळे चालू होती: ठरलेल्या टप्प्यात विहिरी खणायच्या, टप्पा संपला की क्षेत्राचा काही भाग सरकारला परत करायचा. वेळ फार उरलेला नव्हता.

जानेवारी 2004 मध्ये उत्तरेकडच्या एका विहिरीत फतेहगढच्या वाळूने दाद दिली. या क्षेत्राचे नाव मंगला.

तेल लागते म्हणजे काय होते, याचे चित्रपटातले दृश्य काळे कारंजे दाखवते. प्रत्यक्षात तसे कारंजे उडाले तर तो अपघात समजतात. रिगवर खणताना नळीतून दाट चिखल आत सोडतात. तो तळाशी जाऊन खडकाचा चुरा घेऊन बाजूने वर येतो. थरथरणाऱ्या चाळणीवर चिखल गाळला जातो आणि चुरा मागे राहतो. नमुने गोळा करणारा माणूस ठरावीक खोलीला त्यातला मूठभर चुरा उचलतो, धुतो, ताटलीत पसरतो आणि छोट्या अंधाऱ्या खोक्यात अतिनील दिव्याखाली धरतो. तेल असलेले वाळूचे कण चमकतात. चुनखडीचे कणही चमकतात, म्हणून खात्री करण्यासाठी कणावर द्रावकाचा थेंब टाकायचा. तेल असेल तर चमक द्रावकात पसरत जाते. रिगवर मग कुजबूज सुरू होते आणि मुख्यालयाला जाणाऱ्या अहवालाची भाषा एकदम सावध बनते. त्यानंतर तारेने उपकरणे खाली सोडून विद्युतरोध, घनता, सच्छिद्रता मोजली जाते. शेवटी विहीर वाहवून पाहतात. मंगलाच्या वाळूची मोजमापे पाहून कोणताही अभियंता खूश व्हावा अशी होती: पाचव्या-चौथ्या हिश्शापर्यंत पोकळ जागा, कणांच्या मधून द्रव सहज सरकेल अशी मोकळी वाट, आणि साठा जमिनीखाली जेमतेम एक किलोमीटरवर. एवढ्या उथळ विहिरी स्वस्तात आणि झटपट होतात.

मंगलाच्या पाठोपाठ त्याच वर्षी ऐश्वर्या आणि भाग्यम् ही क्षेत्रे सापडली. पुढच्या मोजणीत तिन्ही मिळून जमिनीखाली दोन अब्ज पिंपांहून अधिक तेल असल्याचा अंदाज आला, त्यातला निम्म्याहून अधिक वाटा एकट्या मंगलाचा. जमिनीखाली असलेले आणि वर काढता येणारे तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तेजीच्या बातम्यांत पहिला आकडा ठळक तर दुसरा बारीक अक्षरात येतो. नवख्या गुंतवणूकदाराला इथेच चकवा लागतो. तरीही लंडनच्या बाजाराला जे कळायचे ते कळले. काही महिन्यांत केर्नचा भाव दुपटीहून अधिक झाला आणि 2004 मध्येच कंपनी ब्रिटनच्या अव्वल शंभर कंपन्यांच्या एफटीएसई निर्देशांकात जाऊन बसली. गॅमेल यांना पुढे 'सर' किताब मिळाला.

आणि मग मेणाचा प्रश्न पुढे आला.

सरोवरातल्या शेवाळापासून झालेल्या तेलात मेण भरपूर असते. मंगलाचे तेल 40 ते 45 अंश तापमानाच्या खाली गोठते. मे महिन्यात बारमेरच्या उन्हात ते कदाचित ओघळेल. डिसेंबरच्या रात्री बरणी उपडी केली तरी थेंब पडणार नाही. नेहमीच्या नळातून ते पाठवले आणि पंप तासभर बंद पडला, तर शेकडो किलोमीटरची मेणबत्तीच तयार व्हायची. सरकारने या तेलाचा ग्राहक म्हणून आधी मंगळूरची एमआरपीएल ही रिफायनरी ठरवली होती. ते काही जमेना. रेल्वे, टँकर, जवळच रिफायनरी अशा चर्चा झाल्या. अखेर केर्नने गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 670 किलोमीटरची अशी वाहिनी टाकली, की जी सबंध लांबीभर तापवलेली आणि ऊबदार वेष्टनात गुंडाळलेली आहे. या प्रकारची ती जगातली सर्वांत लांब वाहिनी मानली जाते.

तिची करामत सुबक आहे. तेलाच्या मुख्य नळाला एक बारीक पोलादी नळी चिकटवून जोडलेली असते. तिच्यातून वीजरोधक आवरणाची तार जाते आणि पलटता प्रवाह सोडला जातो. परतीचा प्रवाह बारीक नळीच्या आतल्या पृष्ठभागालगत दाटून वाहतो, नळी तापते आणि तिच्यामुळे मुख्य नळ तापतो; बाहेरच्या बाजूला वीज जाणवत नाही. वरून फोमचे जाड आवरण. दर अठरा-वीस किलोमीटरवर तापवणी केंद्र. तेल 65 अंशांच्या आसपास राखून वीरमगामवरून सलायाकडे आणि पुढे भोगातच्या किनाऱ्याकडे नेले जाते.

खाली, साठ्यातही, काळजी घ्यावी लागते. तेल काढले की दाब कमी होतो, म्हणून पाणी आत ढकलायचे. पण थंड पाणी ढकलले तर वाळूतच मेण धरेल, म्हणून गरम पाणी. वाळवंटात एवढे पाणी आणायचे कुठून? थुंबली इथल्या खोल, खारट भूजलाचा उपाय सापडला. ते पिण्याच्या कामाचे नव्हते. पाण्यावरून आठवले. ऑगस्ट 2006 मध्ये याच जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन कवास गाव आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिले. वाळूखाली जिप्समचा थर असल्याने पाणी झिरपेना. शंभराहून अधिक माणसे जिल्ह्यात दगावली. तेलाच्या बातम्यांच्या झगमगाटात या पुराला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळाली नाही.

29 ऑगस्ट 2009 रोजी नागाणा गावाजवळच्या मंगला टर्मिनलवर पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते उत्पादन सुरू झाले. सुरुवातीचे तेल टँकरमधून गेले, मग वाहिनी सुरू झाली. 2013-14 मध्ये राजस्थानच्या या पट्ट्यातून दिवसाला सरासरी सुमारे 1.8 लाख पिंपे निघत होती, म्हणजे देशातल्या एकूण उत्पादनाच्या एक-पंचमांशाहून अधिक. बारमेरमध्ये हॉटेले उठली, जमिनीचे भाव चढले, उंटगाड्यांच्या रस्त्यांवर ट्रेलर धावू लागले.

गुंतवणूकदारांची कथा याच काळात वळण घेते. डिसेंबर 2006 मध्ये केर्नच्या भारतीय कंपनीचा, केर्न इंडियाचा, समभाग भारतीय जनतेला 160 रुपयांना देऊ करण्यात आला. जानेवारी 2007 मध्ये मुंबईच्या बाजारात नोंदणी झाली ती त्या किमतीच्या खाली. गुजराती-मारवाडी दलालांपासून दादर-पुण्याच्या पेन्शनरांपर्यंत अनेकांनी हात पोळले म्हणून पहिल्याच आठवड्यात विकून टाकले. ज्यांनी थांबायचे ठरवले त्यांचे पैसे पुढच्या चार वर्षांत दुपटीच्या आसपास गेले. त्यांनी पैज लावली होती ती खडकावर. पण तोवर खडकाची अनिश्चितता जवळपास संपली होती. उरली होती ती करारातली आणि कायद्यातली, आणि ती कुठल्याही भूवैज्ञानिक अहवालात दिसत नव्हती.

पहिली ठिणगी रॉयल्टीची. ओएनजीसीचा हिस्सा 30 टक्के, रॉयल्टी मात्र 100 टक्के तेलावर. तेल वाढले, भाव वाढले, तसा हा सौदा सरकारी कंपनीला नकोसा झाला. 1995 मध्ये ज्याला आमिष म्हणून लिहिले होते, त्याची किंमत आता हजारो कोटींत मोजावी लागत होती. ओएनजीसीचे म्हणणे, रॉयल्टी हा खर्च समजून तेलाच्या उत्पन्नातून आधी वजा करावा. केर्नचे म्हणणे, करारात लिहिले आहे ते वाचा. भर म्हणून उपकराचाही वाद. टनामागे 2,500 रुपयांचा उपकर 2012 मध्ये 4,500 झाला आणि 2016 पासून तेलाच्या किमतीच्या 20 टक्के.

ऑगस्ट 2010 मध्ये केर्न एनर्जीने भारतीय कंपनीवरचा ताबा अनिल अग्रवाल यांच्या वेदांता समूहाला विकण्याचे जाहीर केले. सरकारला हवी ती पकड आयतीच मिळाली: मंजुरी पाहिजे तर रॉयल्टीचा वाद सोडा. वर्षभर फायली फिरल्या. शेवटी 2011 मध्ये केर्न इंडियाने रॉयल्टी खर्चात धरण्याची अट मान्य केली, उपकरावरचा दावा मागे घेतला आणि डिसेंबरमध्ये व्यवहार पुरा झाला. करार शब्दशः केर्नच्या बाजूने होता यात शंका नाही. पण ज्याची सही मंजुरीवर हवी, त्याच्याशी शब्दांवरून भांडून किती काळ जिंकणार? 40 लाख पौंडांच्या त्या पट्ट्यातून केर्न एनर्जीने अब्जावधी डॉलर उभे केले आणि 2012 मध्ये त्यांतले साडेतीन अब्ज भागधारकांना परत दिले.

या व्यवहारातला एक धागा गोव्यातून जातो. वेदांताने केर्न इंडियाचा सुमारे 20 टक्के हिस्सा सेसा गोवा या आपल्या लोहखनिज कंपनीमार्फत घेतला. पणजीतल्या ज्या कंपनीचे समभाग लोकांनी गोव्याच्या लाल मातीवर भरवसा ठेवून घेतले होते, ते एका झटक्यात बारमेरच्या तेलाचे भागीदार झाले. 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर गोव्यातली खाणकामे थांबली, तेव्हा याच तेलाने कंपनीला हात दिला. 2013 मध्ये सेसा गोवा आणि समूहातलीच स्टरलाइट यांचे विलीनीकरण झाले आणि 2017 मध्ये केर्न इंडियाही वेदांतात विरघळली. त्याआधी 2014 मध्ये केर्न इंडियाने आपल्याच समूहातल्या एका कंपनीला 1.25 अब्ज डॉलर कर्जाऊ द्यायचे ठरवले होते. बातमी फुटताच समभाग आपटला. विहिरी त्या दिवशीही नेहमीसारख्याच वाहत होत्या.

मूळच्या केर्न एनर्जीने पट्टा विकला तरी पट्ट्याने तिला सोडले नाही. 2012 च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी प्राप्तिकर कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला. त्याच्या आधारे 2006 च्या नोंदणीपूर्वी केर्नने आपल्याच कंपन्यांमध्ये जी फेरमांडणी केली होती, तिच्यावर 10,247 कोटी रुपयांची करमागणी निघाली. भारतात उरलेला तिचा सुमारे दहा टक्के हिस्सा 2014 मध्ये गोठवला गेला, पुढे प्राप्तिकर खात्याने तो विकलाही. डिसेंबर 2020 मध्ये हेगच्या लवादाने भारताविरुद्ध 1.2 अब्ज डॉलर आणि व्याजाचा निवाडा दिला. वसुलीसाठी केर्नने न्यूयॉर्कमध्ये एअर इंडियावर दावा लावला आणि जुलै 2021 मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या सुमारे वीस मालमत्तांवर न्यायालयाचा हुकूम आणला. पुढच्याच महिन्यात संसदेने ती पूर्वलक्षी तरतूद मागे घेतली. फेब्रुवारी 2022 मध्ये 7,900 कोटी रुपयांचा परतावा मिळाला, तेव्हा कंपनीचे नावही बदलून कॅप्रिकॉर्न झालेले होते.

नशिबाची दुसरी बाजूही याच कंपनीने पाहिली. बारमेरच्या यशानंतर तिने 2010 आणि 2011 मध्ये ग्रीनलंडच्या हिमनगांमध्ये आठ विहिरी खणल्या. अब्ज डॉलरहून अधिक खर्च, विकण्याजोगे तेल शून्य. तीच शोधवृत्ती, तेच नेतृत्व. पण एकेका विहिरीची किंमत आता चुकांना जागा ठेवत नव्हती. बारमेरमध्ये गुडा, सरस्वती आणि रागेश्वरी या बेताच्या शोधांनी मंगलापर्यंत जायची वाट दाखवली होती, कारण तिथे प्रत्येक प्रयत्न परवडत होता. ग्रीनलंडमध्ये तशी सवलत नव्हती. छोट्या कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्याने साठ्याच्या अंदाजाआधी हे पाहायला हवे, की हाताशी असलेल्या पैशांत किती विहिरी होतात.

मंगलाची वाळू अजून तेल देते, पण बरोबर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढत गेले आहे. 2014 पासून पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट करून ढकलले जाते, म्हणजे ते तेलाला वळसा घालून पुढे न पळता त्याला रेटत नेते. या पद्धतीचा एवढा मोठा वापर जगात थोड्याच ठिकाणी झाला आहे. तरीही उत्पादन उतरले आणि काही वर्षांतच दिवसाला दीड लाखाच्या खाली गेले. मूळ पंचवीस वर्षांचा करार मे 2020 मध्ये संपला. मुदतवाढ मिळाली ती 2030 पर्यंत, नफ्याच्या तेलातला सरकारचा वाटा 10 टक्क्यांनी वाढवून. 1995 ची गोड कलमे यात अर्थातच नाहीत.

आता वेदांताचे लक्ष बारमेर हिलवर आहे, ज्या पंकाश्मातून हे सगळे तेल मुळात आले त्याच थरावर. तो इतका घट्ट आहे की नुसती विहीर खणून त्यातून काही वाहत नाही. आडव्या विहिरी खणून, प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू सोडून खडक फोडावा लागतो. ऐश्वर्याच्या परिसरात असे काम सुरू झाले. तेल तिथे आहे याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो एका विहिरीचा खर्च, तिच्यातून पहिल्या दोन वर्षांत निघणारी पिंपे आणि 2030 च्या आत ती वसूल होतील का, हा.